माझ्या वजनाचा दगड

"तो बघ, डावीकडनं शेवटचा. तो तू."

ज्ञानूतात्या शेलार लाँच चालवता चालवता ओरडून सांगत होता. मी चपला हातात घेऊन काठावरच्या चिखलात उभा होतो. खिंडीपाशी धरणाचं पाणी अरुंद होतं, त्यामुळे लाँच तिथं काठाला इतकी लगटून जायची की आतल्या माणसाच्या बिडीचा वास यायचा.

लाँचच्या मागच्या भागात, इंजिनाच्या दोन्ही अंगांना, जिथे आमच्या वस्तीची माणसं बसायची, तिथे दगड बसले होते. ओळीनं, शिस्तीत. आम्ही इतक्या शिस्तीत कधी बसलो नव्हतो.

"एवढासा?" मी ओरडलो.

"तुझ्यात वजन हाय किती! आन निम्मा वेळ तू उभाच असायचास."

"आन आई कुठली?"

"ती, उजवीकडची. चपटी."

आई माझ्या मागं उभी होती, डोक्यावर सुकटीची पाटी घेऊन. तिनं मान न हलवता, फक्त डोळे वळवून त्या चपट्या दगडाकडं बघून घेतलं.

"बरी हाय," ती म्हणाली आणि चालायला लागली.

आमचं भेकरघर ते बाजाराचं सावरदांड हा प्रवास लाँचनं पाऊण तासाचा. पायी गेलं तर धरणाच्या पाण्याला सगळा वळसा घालून, तीन ओढे आणि एक डोंगर ओलांडून, चांगले तीन तास. मोटारीचा रस्ता नव्हता. धरण झालं तेव्हा रस्ता पाण्याखाली गेला आणि त्याच्या बदल्यात लाँच आली. तिचं नाव राजहंस. दिसायला ती फुगलेल्या बदकासारखी होती, पण नाव ठेवणाऱ्यानं बहुतेक तिला पाहण्याआधीच ठेवलं असावं.

राजहंसमध्ये पुढं पत्र्याच्या छपराखाली लाकडी बाकं होती. त्यावर गाव बसायचं. मागं इंजिन, डिझेलचं पिंप, कुणाची शेळी असली तर शेळी, आणि आम्ही. असं कुठं लिहिलं नव्हतं. लाँचमध्ये लिहिलेली एकच गोष्ट होती, 'धूम्रपान करू नये', आणि तिच्या बरोबर खाली बसून अण्णा कदम बिडी ओढायचे. लिहिलेलं कुणी पाळत नव्हतं, न लिहिलेलं सगळे पाळत होते.

त्या वर्षी होळीच्या आधी एका मंगळवारी आईच्या अंगात ताप होता. सावरदांडचा बाजार चुकवणं तिला परवडणारं नव्हतं. तिनं पाटी मागं पिंपाशी ठेवली आणि पुढच्या रिकाम्या बाकाच्या टोकावर बसली. मुद्दाम नाही. जिथं पाय थकले तिथं बसली.

अण्णा कदमांनी बिडी बाजूला धरली. "सुकटीचा वास येतोय गं. मागं जा."

"पाटी मागंच ठेवलीय, अण्णा."

"मग तू हितं कशी?"

आई उठली आणि मागं येऊन बसली. अण्णा दर बाजाराला सुकट आईकडूनच घ्यायचे. त्या दिवशीही घेतली, भाव करून.

रात्री वस्तीची सभा भरली. बाबासाहेबांच्या फोटोखाली लहानूमामा बसला होता. मामा आमच्यातला शहाणा माणूस. तो म्हणाला, अर्ज करू. दुसरा कुणी म्हणाला, गेल्या खेपेच्या अर्जाचं काय झालं? मग गेल्या खेपेच्या अर्जाचं काय झालं यावर बराच वेळ गेला. आई भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्याविषयी चाललेलं बोलणं दुसऱ्या कुणाविषयी असल्यासारखं ऐकत होती.

मी वस्तीतला गमत्या. सावरदांडला पिठाच्या गिरणीत कामाला होतो, संध्याकाळी पांढरा होऊन परत यायचो आणि भुतासारखा येऊन लोकांना दचकवायचो. मी तोंड उघडलं की लोक आधीच हसायला लागत. कधी कधी मला बोलावंही लागत नसे. एकदा मी लहानूमामाच्या आईच्या मयताला गेलो आणि म्हणालो, "फार वाईट झालं." त्यावरही दोघं हसले.

तर सभा लांबत चालली होती, मला भूक लागली होती, आणि मी म्हणालो, "अर्ज कशाला? चालत जाऊ की. पाय आपलेच हायत, डिझेल लागत न्हाय, आन वास आलाच तर आपला आपल्यालाच येईल."

कुणी हसलं नाही.

मी वाट बघितली. कधी कधी हसू उशिरा येतं. तेही आलं नाही. लहानूमामा माझ्याकडं बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "पोरगं बरोबर बोलतंय."

"मामा, मी आपलं..."

"जवर पुढं बसवत न्हाईत तवर लाँचवर पाय ठिवायचा न्हाय. कोण कोण तयार?"

मी हात वर केला. मला सांगायचं होतं की मी चेष्टा केली. पण वर गेलेला हात म्हणजे मत, तो पहिला हात होता, आणि त्याच्या मागोमाग इतके हात वर गेले की माझा मला सापडेना.

दुसऱ्या सकाळी अख्खी वस्ती चालत निघाली. बायका, शाळेची पोरं, दुधाची किटली घेतलेला लहानूमामा, सगळ्यांच्या पुढं मी. पाण्यातून राजहंस चाललेली दिसली आणि आमच्यातल्या पोरांनी तिला हात केला. तिनं उत्तर म्हणून नाक पाण्यात घातलं.

झालं होतं असं. राजहंसचं जुनं इंजिन रेड्याएवढं होतं. ते बंद पडलं तेव्हा ठेकेदारानं एक हलकं इंजिन आणून बसवलं. तेव्हापासून लाँच मागून हलकी झाली होती. पण कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण मागं आम्ही होतो. आम्ही उतरलो तसं तिचं बूड वर आलं, पाण्याखालचा पंखा अर्धा हवेत फिरायला लागला, आणि राजहंस पाण्यात तोंड खुपसून जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागली. पुढच्या बाकांवरची चार-सहा माणसं उठून मागं बसली असती तर काम झालं असतं. त्यावर गावात बैठक झाली. बैठकीत ठरलं की दगड भरावेत.

ज्ञानूतात्यानं दगड माणसागणिक निवडले. हे त्याचं स्वतःचं डोकं. त्याचं म्हणणं, "आज ना उद्या तुम्ही येणार. जो येईल त्याचा दगड उतरवायचा. न्हायतर बूड बुडंल." दगडांवर त्यानं नावं घातली नव्हती, त्याला लिहिता येत नव्हतं. तो दगडांना चेहऱ्यावरून ओळखायचा.

दगडांना तिकीट नव्हतं. हे मी वस्तीत सांगितलं तेव्हा सगळे हसले, आणि मला जरा बरं वाटलं.

पण आठवडे जात चालले तसं हसणं कमी झालं. आधी पोरं लाँचवर परत गेली. परीक्षा होती, आणि मास्तर उशिराला छडी मारायचे. पोरांचं कुणाला वाईट वाटलं नाही. मग एक बाळंतीण गेली, तिच्याबरोबर तिची सासू गेली, सासूबरोबर सासरा. मग कुणाचा पाय मुरगळला, कुणाचं दूध नासलं. सगळ्यांची कारणं खरी होती. हीच अडचण होती. खोटी असती तर भांडता आलं असतं. गेलेले लोक मागं, पिंपाशी, आपापल्या जागी बसले, आणि ज्ञानूतात्यानं त्यांचे दगड भेकरघरच्या धक्क्यावर उतरवून ठेवले.

एका संध्याकाळी लहानूमामा माझी वाट बघत पाणवठ्यावर बसलेला दिसला. मी जवळ गेलो तसा तो दुसरीकडं बघायला लागला.

"गुडघं रं," तो म्हणाला.

"बरोबर हाय, मामा."

"बरोबर न्हाय. पर गुडघं."

"तुमचा दगड कुठाय?"

"घरी आणला. तुझी मामी म्हणाली, चुलीपुढं बसायला बरा हाय."

"बसता त्याच्यावर?"

मामानं मान डोलावली. "मापाचा हाय," तो म्हणाला.

मग मी आणि आई उरलो. आईबरोबर चालणं म्हणजे एकट्यानं चालणंच. ती बोलायची नाही. माझ्या विनोदांवर हसणं तर तिनं मी लहान असल्यापासून कधी केलं नव्हतं, विनोद संपला की ती "मग?" म्हणायची. मी डोंगर चढताना एक विनोद सांगायचो, उतरताना ती म्हणायची, "मग?" आणि मी म्हणायचो, "मग काय न्हाय. संपला."

एकदा मी तिला विचारलं, "आये, तू का जात न्हाईस लाँचनं? तुझं पाय बघ."

"तू का जात न्हाईस?"

माझ्याकडं उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मी लाँचमध्ये पाय ठेवला असता तर ती सभा, तो हात, अख्खी वस्ती ओळीनं डोंगर चढली होती ती सकाळ, सगळा विनोद झाला असता. मी आयुष्यात केलेली एकच गोष्ट लोकांनी खरी मानली होती. ती खरी नव्हती, हे फक्त मला माहीत होतं. मी चालत होतो तोवर ते कुणाला कळणार नव्हतं.

"व्यायाम होतो," मी म्हणालो.

"मग?" ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी आईचा पाय घोट्यापासून इतका सुजला की चप्पल चढेना. रात्री तिनं पाय कढत पाण्यात घातला आणि पाण्याकडं बघत म्हणाली, "उद्या मी लाँचनं जाते."

"जा की."

"राग आलाय?"

"न्हाय."

"मग तोंड असं का?"

"तोंड असंच हाय. तूच दिलंयस."

तिनं पाय पुसला.

त्या मंगळवारी मी एकटा निघालो. एकटा म्हणजे किती एकटा, तर ओढ्यावर एक म्हैस उभी होती, तिला मी एक विनोद सांगितला आणि हसायची जागा आली तिथं थांबलो. म्हशीनं कान हलवला. मी ते हसणं धरलं आणि पुढं निघालो. ऊन चढायला लागलं होतं. डोंगरावरून खाली पाणी दिसत होतं, पाण्याखाली आमचं जुनं गाव, जुना रस्ता, सगळं होतं म्हणे. वर काहीच नव्हतं. मागं वळून बघितलं तर वाटेवर फक्त माझ्याच पावलांच्या खुणा होत्या, आजच्या, कालच्या आणि परवाच्या.

खिंडीपाशी मी थांबलो. थांबायचं कारण नव्हतं. आईला मागं बसलेली बघायची नव्हती, आणि तरी थांबलो. मागं आता एकच दगड उरलेला असणार होता. मी स्वतःला सांगितलं, आपण त्याला बघायला थांबलोय.

राजहंस वळणावरून आली. भरलेली होती. पुढं गाव, मागं आमची वस्ती, आणि मधोमध पिंपाशी आई. तिच्या शेजारी मी. एवढासा.

मग आई उठली. खाली वाकून तिनं काहीतरी उचललं. आधी कळेना, पाटी असेल असं वाटलं. पण पाटी ती डोक्यावर घेते. हे तिनं पोटाशी धरलं होतं, झोपलेलं पोर उचलतात तसं, आणि पाय ओढत, सुजलेला पाय आधी आणि मग दुसरा, असं करत ती लाँचच्या पुढच्या भागाकडं निघाली. लहानूमामा अर्धा उठला, तिच्या हाताखाली हात द्यायला. तिनं त्याला मानेनंच नको म्हटलं.

पुढच्या बाकावर, बरोबर काठाकडच्या जागेवर, तिनं मला ठेवलं. आणि माझ्या शेजारी ती बसली.

लाँच अजून खिंडीत शिरायच्या आधीच्या रुंद पाण्यात होती, इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं. फक्त तोंडं हलताना दिसत होती. अण्णा कदम उभे राहिले, त्यांची पांढरी टोपी छपराला टेकली. हात वर झाले, खाली झाले. आई समोर बघत बसली होती, बाजारात गिऱ्हाईक जास्तच घासाघीस करायला लागलं की बसते तशी. मग लहानूमामा उठला आणि गुडघ्यावर हात ठेवत पुढं येऊन आईच्या मागच्या बाकावर बसला. मग बाळंतीण. मग तिची सासू, सासरा, शाळेची पोरं. एकेक करून मागची सगळी माणसं पुढं आली.

आणि राजहंसनं नाक पाण्यात घातलं.

बूड वर, पंखा हवेत. आधी फडफड असा आवाज आला, मग पाण्याचा एक मोठा तुषार उडाला, आणि लाँच माझ्या डोळ्यांदेखत गोल फिरायला लागली. एक गिरकी, मग दुसरी. प्रत्येक गिरकीला आई माझ्या समोरून जायची, पलीकडं अण्णा कदम छपराची दांडी धरून जायचे, आणि पुन्हा आई. ज्ञानूतात्यानं इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं. पाण्याच्या मधोमध लाँच तरंगत राहिली, आणि त्या शांततेत तात्याचा आवाज पहिल्यांदा काठापर्यंत आला.

"मागं कुणीतरी बसल्याबिगर ती हलायची न्हाय. मला काय, माझा दिवस हितं गेला तरी चालंल."

किती वेळ गेला सांगता येत नाही. मी खाली बसलो. एक बगळा येऊन माझ्या शेजारी उभा राहिला आणि तोही बघायला लागला.

शेवटी पांढरी टोपी हलली. अण्णा कदम बाक, माणसं, शेळी, सगळ्यांना चुकवत मागं गेले. त्यांनी पिंपाशी वर्तमानपत्र अंथरलं, आणि बसले. त्यांच्या मागून दुसरी टोपी गेली. मग तिसरी. बूड खाली आलं, तात्यानं इंजिन चालू केलं, आणि राजहंस सरळ होऊन माझ्यासमोरून निघून गेली. कुणी माझ्याकडं बघितलं नाही. आईनंही नाही. ती मला घेऊन बसली होती.

मी हात केला होता. तो तसाच वर राहिला. मग मी खाली घेतला आणि उरलेली वाट चालायला लागलो. गिरणीत पोचलो तेव्हा मालक म्हणाला, आज फार उशीर केलास. मी म्हणालो, लाँचमधून आलो. तो हसला नाही.

संध्याकाळी घरी आलो तर आई भाकरी करत होती.

"काय झालं लाँचवर?"

"काय न्हाय."

"अण्णा काय म्हणालं?"

"म्हणालं, हे काय? म्हटलं, माझा पोरगा हाय. म्हणालं, दगड हाय तो. म्हटलं, मग दगडाचा कसला आलाय वास, बसू दे की." तिनं भाकरी उलटली. "म्हणालं, आन तू? म्हटलं, पोराशेजारी आई बसणारच. एवढं लहान पोर एकटं कसं बसवू?"

मी हसायला लागलो. आधी थोडा, मग इतका की मला भिंत धरावी लागली. शेजारची माणसं डोकावून गेली. आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"हसायला काय झालं?"

"आये, इतकं भारी मला आयुष्यात सुचलं न्हाय."

"सुचायचं काय त्यात." मग बऱ्याच वेळानं, भाकरीकडंच बघत, ती म्हणाली, "सभेत तू चेष्टाच केली होतीस."

माझं हसू थांबलं.

"तुला ठावं होतं?"

"तू माझ्या पोटचा. चेष्टा करताना तुझा डावा कान हलतो."

"मग तू सभेत हात का वर केलास? इतकी चाललीस का, असले पाय घेऊन?"

"तुझं एक बोलणं कधी न्हाय ते लोकांनी खरं धरलं," ती म्हणाली. "मग आईनं नको का धरायला?"

तिनं भाकरी माझ्या ताटात टाकली. मी ती खाल्ली. फार गरम होती, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं असं म्हणायला सोय झाली.

दुसऱ्या सकाळी मी धक्क्यावर गेलो. ज्ञानूतात्यानं मला बघितलं आणि पुढच्या बाकाकडं बघितलं. दगड तिथंच होता.

"तू आलास तर त्याला उतरवायला पायजे."

"राहू दे," आई पाठीमागून म्हणाली. तिचा बाजार नव्हता, कामही नव्हतं; पाय सुजलेला होता. तरी ती आली होती. "त्याच्या वजनानं काय बुडणार हाय?"

ती बाकावर बसली. काठाकडच्या अंगाला मी होतोच. दुसऱ्या अंगाला मी बसलो. तात्यानं इंजिन चालू केलं. मागं पिंपाशी वर्तमानपत्रावर अण्णा कदम बसले होते. गावानं रात्रीतच पाळ्या लावल्या होत्या, आणि आजही पाळी त्यांचीच होती. धुरानं त्यांना खोकला आला.

"ज्ञानू, डिझेलचा फार वास येतोय रं," ते म्हणाले.

सगळी लाँच माझ्याकडं बघायला लागली. मी काहीतरी बोलणार, याची लोकांनी वाट बघितली. मी बोललो नाही. दगडही गप्प होता. आई आमच्या दोघांच्या मधे बसून पाण्याकडं बघत होती.

पुढं रस्ता झाला आणि राजहंस बंद पडली. तिची लाकडं कुणी कुणी नेली. मी दगड आणला. आमच्या दारात ओटा आहे, त्याच्या एका टोकाला तो ठेवलाय. संध्याकाळी कामावरून आलो की मीही तिथं टेकतो, दुसऱ्या टोकाला. नवीन काही सुचलं असलं तर सांगतो, आणि हसायची जागा आली की थांबतो. कुणी "मग?" म्हणत नाही. येणारे-जाणारे म्हणतात, एवढी जागा मोकळी आहे, जरा सरकून नीट बस की. मी सरकत नाही. मधली जागा आईची आहे.